शिळं चित्र

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून आपण हरणाऱ्याला हसतो आणि पुढे जातो. ओसाकाच्या पूर्वेला, फुसे स्टेशनमागच्या बाजारात लोणच्याच्या दुकानावर एक माडी आहे. तिथे दर रविवारी जमणारी मंडळी मात्र पुढे जात नसत. अंगण नेमकं किती वाकडं आहे ते मोजण्यात त्यांचं तारुण्य गेलं होतं आणि आता पोक्तपणही त्यातच चाललं होतं. ते मारामारीचा एक जुना व्हिडिओ गेम खेळत. हरलेला माणूस खुर्चीतून उठताना ‘मी हरलो’ म्हणाल्याचं त्या माडीच्या भिंतींनी कधी ऐकलं नव्हतं. कुणाचं बटण अडकलेलं असे, कुणाच्या काचेवर खिडकीचा उजेड पडलेला असे, आणि ज्याला यातलं काहीच सुचत नसे तो म्हणे, आज चित्र थरथरतंय.

या शास्त्राचा आचार्य होता मिझोरोगी. पंचेचाळिशीचा, स्क्रूच्या कारखान्यात माल तपासणारा. केस विरळ, तोंड सढळ. माडीवर सगळे त्याला सेन्सेइ म्हणत, म्हणजे गुरुजी. गुरुजींनी कुणाला काय शिकवलं असं विचाराल तर एकच गोष्ट सांगता येईल, ती म्हणजे सपाट टीव्हीचा तिरस्कार.

“ट्यूब म्हणजे काय?” नवीन कुणी जिना चढून आला की मिझोरोगी माडीवरच्या जुन्या, खोक्यासारख्या टीव्हीवर हात ठेवून सुरू करी. “तारेतून आलं, काचेवर दिसलं. मधे कुणी नाही. तुमच्या त्या सपाट टीव्हीच्या पोटात एक कारकून बसलाय. तो आलेलं चित्र घेतो, पुसतो, रंगवतो, शिक्का मारतो आणि मग बाहेर सोडतो. तोवर समोरच्याने तुमचे दात पाडलेले असतात. तुम्ही बघताय ते शिळं चित्र. शिळी सुशी खाल का? मग शिळं चित्र कसं बघता?”

“पण सेन्सेइ, दिसायला तर छान दिसतं,” नवखा बिचारा म्हणे.

“उभा माणूस छान दिसतो. पळायला लाव त्याला. कडा कुठे जातात बघ. पोतेरं फिरवल्यासारखा फासला जातो सगळीकडे. ट्यूब चित्र दाखवते आणि विझवते, दाखवते आणि विझवते, म्हणून पळणाराही स्वच्छ दिसतो. सपाटवाला चित्र धरूनच बसतो. सोडायची अक्कलच नाही त्याला.”

मग मागे बसलेला बेप्पू मान डोलावत “अगदी खरं, अगदी खरं” म्हणे. बेप्पू हा मिझोरोगीचा पट्टशिष्य. वर्षानुवर्षं एवढं एकच वाक्य बोलून त्याने माडीच्या संघात जागा मिळवली होती.

माडीचे मालक कुझुमी. सत्तरी ओलांडलेले. कधीकाळी खाली रस्त्यावर त्यांचं व्हिडिओ गेमचं मोठं पार्लर होतं. ते बुडालं, तेव्हा त्यांनी ट्यूबचे चार टीव्ही वर आणून मांडले, दोन दोन, पाठीला पाठ लावून. जोडीला मशीन एकच, टेबलाखाली. त्यातून तेच चित्र दोन्ही टीव्हींना जाई. खेळणाऱ्यांना एकमेकांची तोंडं दिसत नसत. पार्लरची जुनी रीतच तशी, आणि खेळताना वाकून पलीकडच्याचे हात बघणं हे तिथे चोरीपेक्षा हलकं काम समजलं जाई. कुझुमींना सगळे ओत्चान म्हणत, म्हणजे काका. ओत्चानांचे गुडघे गेले होते आणि ते अवजड खोके झाडायला हलवतानासुद्धा त्यांच्या कंबरेत कळ येई. बाजारातला विजेच्या सामानवाला त्यांना कितीदा सांगून गेला होता की एका हातात उचलता येतील असे सपाट टीव्ही आणून देतो. ओत्चानांनी दरवेळी मान हलवून त्याला परत पाठवलं. मिझोरोगी म्हणतो ट्यूब, तर ट्यूब. त्याला कळतं, आपल्याला काय कळतं?

आता मिझोरोगीच्या घरची गोष्ट. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात त्याच्या घरचा ट्यूबवाला टीव्ही एका संध्याकाळी टप् असा आवाज करून गेला. दुसरा मिळाला नसता असं नव्हे. माडीवर नुसतं बोलला असता तरी चौघांनी आपापल्या माळ्यावरून काढून दिला असता. पण बोलणार कसा? ‘ट्यूब आपोआप मरत नाही, मालक मारतो,’ हे वाक्य त्याने इतक्या जणांच्या तोंडावर फेकलं होतं की आपला टीव्ही मेला हे सांगायला त्याच्याकडे तोंडच उरलं नव्हतं. मग त्याने टोपी खाली ओढली, चार स्टेशनं पलीकडच्या दुकानात गेला आणि एक सपाट टीव्ही घेऊन आला. बायको म्हणाली, “बरं झालं, कोपरा मोकळा झाला.” त्याने तिला बजावलं की हे कुणाला सांगायचं नाही. ती म्हणाली, “टीव्ही घेतल्याचं? मी कुणाला सांगायला जाऊ, आणि कोण ऐकणार?”

पहिले काही दिवस त्या पडद्यावर त्याला स्वतःचा झेल जमेना. झेल हा त्या खेळातला सगळ्यात अवघड डाव. समोरच्याचा फटका अंगाला भिडणार, नेमक्या त्या क्षणी जॉयस्टिकची दांडी त्याच्याच दिशेने ढकलायची. जमलं तर फटका वाया जातो आणि तुमचा बसतो. हात उशिरा पोचला तर फटका आधीच बसलेला असतो, आधी पोचला तर तो आयत्या तोंडावर घेता. मिझोरोगीचं सारं नाव या झेलावर उभं होतं. नागोयाच्या एका सामन्यात त्याने फटक्यांची अख्खी माळ झेलली होती आणि मागे उभे असलेले लोक ओरडले होते. ते ओरडणं त्याने इतकी वर्षं पुरवून पुरवून खाल्लं होतं. सपाट पडद्यावर झेल चुकायला लागले तेव्हा तो त्या टीव्हीला शिव्या घालत बसला. मग हळूहळू जमायला लागलं. महिन्याभरात पूर्वीसारखं जमलं. मिझोरोगी मनाशी म्हणाला, जातिवंत हात आहे, कशावरही चालतो. चालायला लागला म्हणजे नेमकं काय झालं, हे त्याच्याच प्रवचनात सांगितलेलं होतं, पण प्रवचनकार स्वतःचं प्रवचन कधी ऐकत नाहीत.

माडीवर तो आताशा खेळे कमी आणि मागे हाताची घडी घालून उभा राहून बोले जास्त. कधी बसलाच आणि हरला तर दांडीची स्प्रिंग ढिली निघे, किंवा दुपारचं ऊन डोळ्यांवर येई. शास्त्र सांभाळायला आचार्याने हरून चालत नाही.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी चिगुसाने त्याची खुर्ची मागितली.

दर शरद ऋतूत टोकियोला या खेळाचा मोठा मेळा भरे. तिथे फक्त ट्यूब चालत, आणि माडीकडून तिघांचा संघ जाई. खुर्ची मागायची रीत अशी की मेळ्याच्या दीड-दोन महिने आधीच्या एका ठरलेल्या रविवारी ज्याला संघात जागा हवी, त्याने संघातल्या कुणाच्याही खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचा. मग त्या दोघांत सामना. मिझोरोगी संघाचा प्रमुख होता आणि त्याच्या खुर्चीवर आजवर कुणी हात ठेवला नव्हता. संघातून गेला तर माडीवर त्याच्यापाशी काय उरणार होतं? कारखान्यात त्याला कुणी सेन्सेइ म्हणत नव्हतं. तिथे तो स्क्रू मोजणारा मिझोरोगी होता आणि जेवायला एकटा बसे.

चिगुसा लॉन्ड्रीची छोटी गाडी चालवे. तिशी उलटलेली, बोलायला कमी. एके काळी ती याच संघात होती. मग तिने एकदा सरळपणे सांगितलं की ट्यूबच्या लुकलुकण्याने तिचं डोकं दुखतं, म्हणून सरावाला घरी सपाट टीव्ही घेतलाय. त्यावर मिझोरोगीने सगळ्यांसमोर तिला हाकललं होतं.

“डोकं दुखतं तर घरी बसून विणकाम कर,” तो म्हणाला होता. “शिळ्या चित्रावर शिकलेला हात मी ट्यूबवर बसवणार नाही. नासलेला हात आहे तो.”

चिगुसाने हातातला सातूच्या चहाचा पेला खाली ठेवला आणि निघून गेली. काही महिन्यांनी परत आली, कोपऱ्यातल्या जोडीवर खेळायला लागली आणि मिझोरोगीशी कामापुरतंही बोलली नाही. त्याने ते लक्षात ठेवलं नव्हतं. हाकललेल्यांची आठवण ठेवायची तर त्याला रविवार पुरले नसते.

त्या रविवारी ती आली ती थेट त्याच्या मागे उभी राहिली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“ही खुर्ची द्या,” ती म्हणाली.

बेप्पू फिस्सकन हसला आणि लहान मुलीला हाक मारावी तसं म्हणाला, “चिगुसा-चान, चुकीच्या खुर्चीला हात लागला बहुतेक.”

“तुझीही घेतली असती. पण तुझी घेऊन काय करू, तिच्यावर बसणारा फक्त मान हलवतो.”

माडीवर हशा पिकला. मिझोरोगीने सावकाश मागे वळून पाहिलं.

“अजून त्या सपाटावरच सराव करतेस ना?”

“हो.”

“मग तुला ट्यूबवर बसायची लाज कशी वाटत नाही?”

“डोकं दुखतं, लाज नाही वाटत. गोळी घेऊन आलेय.”

“ओत्चान,” मिझोरोगी मोठ्याने म्हणाला, “हिला खिडकीकडे पाठ येईल ती बाजू द्या. नंतर म्हणायला नको की डोळ्यांवर ऊन आलं. आणि सगळ्यांनी बघून घ्या, सपाटावर शिकलेला हात ट्यूबवर कसा दिसतो ते. असा धडा रोज मिळत नाही.”

त्याने मनापासून तिची कीव केली. तिचा चुकणारा हात त्याला खेळ सुरू व्हायच्या आधीच दिसत होता. दोघं बसली. तीनदा आधी जिंकेल त्याची खुर्ची. मिझोरोगीने आपला नेहमीचा उघड्या अंगाचा म्हातारा पैलवान घेतला, चिगुसाने लांब वेणीची कसरतवाली.

कसरतवालीच्या पहिल्याच उडीला मिझोरोगीने झेल लावला आणि लाथ पैलवानाच्या तोंडावर बसली.

बरं, पहिलीच वेळ. पुढच्या उडीलाही त्याने दांडी ढकलली, तीही लाथ तोंडावर. तो जरा मागे सरकला, बचावात राहिला, दोन-चार फटके हाणले, पुन्हा झेल लावला. पैलवान छाती पुढे काढून उभा राहिला आणि लाथ मग येऊन बसली. पहिला डाव गेला. तो दांडी हलवून बघत म्हणाला, “स्प्रिंग.”

“बदलून देतो,” ओत्चान म्हणाले आणि ड्रॉवरमधून दुसरी दांडी काढून जोडून दिली. कोरी होती.

दुसऱ्या डावात चिगुसा आणखी शांत झाली. ती उडी मारी आणि लाथ थोडी, अगदी थोडी, मागून काढी. मिझोरोगीचा झेल दरवेळी तिच्या आधी पोचे. जणू कुणी नमस्कार करायच्या आतच हा वाकून मोकळा होत होता. मागे उभे असलेले लोक कुजबुजायला लागले. या माडीवर कुणाला गाता येत नसेल, कुणाला पोहता येत नसेल, पण हात आधी पडतोय की नंतर, हे तिथल्या प्रत्येकाला दिसे. तेवढंच तर त्यांना आयुष्यात नीट दिसत होतं.

दुसरा डावही गेला आणि तिसऱ्याच्या मध्यावर मिझोरोगीला उमगलं. लाथ काचेवर स्वच्छ दिसत होती. पायाची कड, चपलेचा पट्टा, सगळं. ती ताजी होती, आणि त्याचा हात ती यायच्या आधीच जाऊन परत येत होता. घरी शिळं चित्र येई, म्हणून हात आधी निघायला शिकला होता. जातिवंत म्हणून तो ज्याचं कौतुक करत बसला होता तो हात घरच्या कोपऱ्यात रोज संध्याकाळी बिघडत होता, आणि त्याने स्वतः बसून त्याला बिघडवला होता. त्याला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा जास्त भीती वाटली. हात थांबवायचा तर थांबेना. त्याने जाणूनबुजून उशीर केला तेव्हा फारच उशीर झाला. तिसरा डाव बघता बघता संपला. त्याच्या नावावर एकही नव्हता.

पलीकडच्या खुर्चीवरून चिगुसाने डोकं दाबत विचारलं, “झालं ना?”

आता एवढंच म्हणायचं होतं, मी हरलो. लहान मूलही म्हणतं. पण बेप्पूने कळवळून विचारलं, “सेन्सेइ, काय झालं हो? पडदा बरोबर नव्हता का?” आणि समोर पसरलेला तो मऊ बिछाना बघून मिझोरोगीने त्यावर अंग टाकलं.

“या बाजूला चित्र उशिरा येतंय,” तो म्हणाला.

तोंडातून गेलं आणि त्याने ऐकलं.

सगळ्यांनीच ऐकलं. बेप्पूची मान डोलायला निघाली होती, ती वाटेत थांबली. ट्यूब जुनी होते, पिवळी पडते, थरथरते, कोपऱ्यात चित्र वाकडं दाखवते, एक दिवस टप् करून मरते. ट्यूबला काय वाट्टेल ते होऊ शकतं, पण तिला उशीर होत नाही. हे त्या माडीवर प्रत्येकाला पाठ होतं, कारण प्रत्येकाला ते मिझोरोगीनेच घोकवलं होतं.

ओत्चान स्टुलावर बसून होते. ते गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश उठले आणि त्या टीव्हीपाशी येऊन उभे राहिले.

“मिझोरोगी,” ते म्हणाले, “मला यातलं काही कळत नाही, तुला माहीत आहे. तू इतकी वर्षं सांगतोस की ट्यूबला उशीर होत नाही. मी माझी कंबर मोडून घेतली तुझ्या त्या एका शब्दावर. आता तूच म्हणतोस उशीर होतो. तेव्हा नीट सांग. चित्राला उशीर होतोय, की तुझ्या हाताला घाई झालीये?”

माणूस बुडताना त्याच्यापुढे दोरी टाकावी तसा तो प्रश्न होता. म्हाताऱ्याच्या तोंडावर तेव्हा कुत्सितपणा नव्हता. मिझोरोगीने त्याच्याकडे पाहिलं, मग बेप्पूकडे, मग मागे उभ्या असलेल्या त्या सगळ्या तोंडांकडे. यातल्या निम्म्यांना त्याने कधी ना कधी घालवून दिलं होतं. टीव्ही त्याच्यासमोर तापून गुणगुणत होता. पार्लरच्या दिवसांपासूनचा तो टीव्ही, माडीवरच्या चारांमधला सगळ्यात स्वच्छ. त्याची काच मिझोरोगी स्वतःच्या रुमालाने पुसत असे.

“जुना झालाय,” मिझोरोगी म्हणाला. “आतले भाग झिजलेत. असं होतं कधी कधी, फार जुन्या ट्यूबला. तुम्हाला नाही कळायचं.”

“नाही कळत, खरं आहे,” ओत्चान म्हणाले, आणि आता मात्र त्यांचा आवाज थंड झाला. “पण तू म्हणतोस म्हणजे तसंच. मग हा आज जाऊ दे. बाकीचेही त्याच वयाचे, त्यांचंही तेच असणार. उद्या विजेवाल्याला बोलावतो, सपाट आणून लावेल. माझी कंबर तरी सुटेल.”

“अहो ओत्चान, बाकीचे तीन ठीक आहेत!” कुणीतरी ओरडलं.

“सेन्सेइला विचार. शास्त्र त्याचं आहे.”

एका वाक्यात ते चारही टीव्ही वाचत होते, आणि ते वाक्य मिझोरोगीच्या जिभेवर नव्हतं. घोकलेलं सगळं होतं, कारकून, शिक्का, शिळी सुशी, पोतेरं. हे एक नव्हतं.

“टाकणारच असाल तर हा मला द्या,” चिगुसा म्हणाली.

“तुला?” बेप्पूला राहवलं नाही. “तुझं तर डोकं दुखतं ना?”

“मला नको. मांजरीला. तिला वर बसायला ऊब लागते. सपाट घेतल्यापासून बिचारीला बसायला जागाच नाही. रोज वर चढते आणि मागच्या बाजूला पडते.”

माडी हसली. ती खदखदून, पोट धरून हसली, आणि बेप्पू सगळ्यांत मोठ्याने हसला. मिझोरोगीने त्याच्याकडे बघितलं तेव्हाही त्याने हसू आवरलं नाही. सेन्सेइ गेला आणि शिष्य मोकळा झाला, एवढ्या पटकन.

“घेऊन जा,” ओत्चान म्हणाले. “गाडी आहे ना खाली?”

“आहे. पण एकटीने उचलायचा नाही.” चिगुसा टीव्हीची वायर गुंडाळत म्हणाली, “तुम्ही एक बाजू धरता का?”

हे तिने मिझोरोगीला विचारलं. दुसरं कुणी पुढे झालं नाही, मुद्दामच. त्याने काचेकडची बाजू धरली, कारण काचेकडची बाजू जड असते आणि ती धरायची रीत त्याला ठाऊक होती. टीव्हीची पाठ अजून गरम होती. लोणच्याच्या दुकानाचा तो जिना अरुंद, भुशात मुरवलेल्या मुळ्यांच्या वासाने भरलेला. चिगुसा खालच्या बाजूला, उलटी उतरत होती. अर्ध्यावर आल्यावर ती थांबली.

“सपाट घेऊन किती दिवस झाले?” तिने हळू आवाजात विचारलं.

मिझोरोगीने काचेखालची पकड बदलली.

“तुमचा झेल जेवढा आधी पडत होता ना, माझाही नेमका तेवढाच आधी पडायचा,” ती म्हणाली. “मी घरी सपाटावर खेळायची आणि इथे येऊन तोंडावर मार खायची. तो हात सुधारायला मला वर्ष लागलं. आता दोन हात आहेत माझे, घरचा वेगळा, इथला वेगळा. तुम्हाला पहिल्याच उडीला ओळखलं मी. खरं सांगू, जिंकण्यात मजाच आली नाही. आंधळ्याचा पेला सरकवल्यासारखं वाटलं.”

“तू वर का नाही बोललीस?”

“मी कशाला बोलू? तुम्ही बोला. आत्ता वर जाऊ या. फक्त म्हणा, माझ्या घरी सपाट टीव्ही आहे. हा टीव्ही परत जागेवर ठेवू. ओत्चान उद्या कुणाला बोलावणार नाहीत. खुर्चीही तुमचीच ठेवा, मला आता युक्ती माहीत आहे, महिन्याभरात तुमचा हात मी ठिकाणावर आणून देते. मला टोकियोला जायची हौस नाही, दिवसभर डोकं धरून बसावं लागतं तिथे. तुम्हाला उठवायचं होतं, उठवलं.”

वरून हसण्याचे आवाज येत होते. बेप्पू कुणालातरी कारकुनाची गोष्ट सांगत होता, मिझोरोगीच्या आवाजात, मिझोरोगीसारखे हात नाचवत असणार. टीव्हीच्या वजनाने मिझोरोगीची बोटं बधिर व्हायला लागली. चिगुसा वाट बघत होती. तिने पुरेशी वाट बघितली.

“सांभाळ,” मिझोरोगी म्हणाला, “मागे पायरी आहे.”

चिगुसा मागे न बघता पायरी उतरली, मग पुढची. लॉन्ड्रीच्या गाडीत चादरींचे गठ्ठे सरकवून दोघांनी टीव्ही आत ठेवला. मिझोरोगीने एक चादर घेऊन काचेवर चारही बाजूंनी नीट खोचली, वळणावर धक्का लागू नये म्हणून दोन गठ्ठे टेकवले आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, “वर फुलदाणी ठेवू नकोस. पाणी सांडलं की संपतो.”

ती टोचून काहीतरी बोलेल म्हणून तो उभा राहिला. बोलली असती तर बरं वाटलं असतं. चिगुसाने दार ओढून लावलं आणि घरी कपाट पोचवून निघालेल्या हमालाला म्हणतात तसं, किंचित वाकून, अगदी नीट म्हणाली, “तसदी दिली. आभारी आहे.”